थोरला फादर होतोय, वाडी माझ्या अंगावर

ताई, नमस्कार. आम्ही वसईच्या पश्चिमेकडचे. दोघे भाऊ, मधली बहीण लग्न होऊन सासरी. दादा ३२ वर्षांचा, मी २८. नऊ वर्षांपूर्वी दादा फादर होण्याच्या शिक्षणाला सेमिनरीत गेला. यंदा जूनमध्ये तो डीकन, म्हणजे फादर होण्याआधीच्या पायरीवर, झाला आणि डिसेंबरात त्याची गुरुदीक्षा आहे. आमची एकरभर वाडी आहे. केळी, थोडी पानवेल, बांधाला नारळ. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून वाडी मी एकटा बघतो, त्यापायी कंपनीतली नोकरीही सोडली. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. माझं लग्न दोनदा जमता जमता मोडलं, दोन्ही वेळा मुलीकडचे म्हणाले, मुलगा शेती करतो. आता बाबांना दीक्षेला १२०० पानं उठवायची आहेत. त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण टाकून वर पाच लाख कर्ज काढायला निघालेत, आणि ते फेडणार मी. बाबा म्हणतात, दीक्षेआधीच जमिनीवरचा हक्क सोडल्याची दादाची सही घेऊन टाकू. आई म्हणते, देवाच्या कामाला निघालेल्या माणसासमोर जमीन काढू नका. लोक घरी येऊन म्हणतात, 'तुमच्या घराने देवाला एक मुलगा दिला,' तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक जाते. मग वाटतं, आपण पापी आहोत. दादा स्वभावाने चांगला आहे, त्याच्यावर माझा राग नाही, आणि आहेही. काय करू?
– धाकटा, वसई

धाकट्या भावा,

ताई म्हणालास म्हणून तू म्हणते. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोळ्यांसमोर माझे बाबाच आले. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तू त्या हिशेबाने वाचशील. माझे थोरले काका फादर होते, आणि माझे बाबा म्हणजे घरी राहिलेला धाकटा भाऊ. त्यामुळे या प्रकरणात मी अजिबात तटस्थ नाही.

काकांची दीक्षा १९६६ सालची, माझ्या जन्माआधीची. तेव्हा जुनी पद्धत होती. बिशप नव्या धर्मगुरूच्या तळहातांना तेल लावायचे आणि ते हात पांढऱ्या कापडाच्या पट्टीने बांधायचे. ती पट्टी पुढे आईकडे जायची. आजीने ती डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत जपली होती, आणि आजी गेली तेव्हा शवपेटीत तिच्या हातांभोवती ती गुंडाळली. हे मी स्वतः पाहिलंय, तेलाचा पिवळट डाग कापडावर तसाच होता. बाबांकडे मात्र त्या दिवसाची काहीच खूण नव्हती, कारण बाबा दीक्षेला गेलेच नव्हते. मांडवात डेगी चढल्या होत्या आणि तिथे घरचं कुणीतरी हवं होतं. 'तू काय, घरचाच. तू थांब,' असं कुणीतरी म्हणालं. सगळा गाव चर्चमध्ये आणि सख्खा भाऊ विस्तवापाशी.

ही गोष्ट बाबांनी पहिल्यांदा तोंडातून काढली तेव्हा ते सत्तरीत होते. काका जेवायला आले होते, वालाच्या भाजीत मीठ कमी पडल्यावरून काहीतरी बोलणं निघालं आणि त्यातून हे बाहेर आलं. काकांनी हातातला घास ताटात परत ठेवला. त्यांना ठाऊकच नव्हतं! इतकी वर्षं ते धरून चालले होते की गर्दीत भाऊ कुठेतरी मागे उभा असेल.

तेव्हा तुला माझं सांगणं एवढंच आहे, बाकीचं सगळं त्याच्याच पोटातलं. डिसेंबर उजाडायच्या आत दादाशी बोल. आईबाबांशी नंतर, आधी दादाशी. पैशाचं बोल, जमिनीचं बोल, आणि तुला राग येतो हेही बोल. न बोलता दिलेलं घेणाऱ्याच्या खात्यावर कधी चढतच नाही, आणि देणारा मात्र जन्मभर व्याज मोजत बसतो.

राग येणं पाप आहे का, हे तू मला विचारतोयस. मी काही धर्मगुरू नाही. पण बायबलात लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला तू लहानपणापासून ऐकला असशील. सगळं उधळून परतलेल्या मुलासाठी बाप मेजवानी घालतो. त्यात घरी राहिलेला भाऊ आहे ना, तो येतो कुठून? शेतातून. घरात वाजंत्री चाललेली त्याला बाहेरूनच ऐकू येते, कुणी बोलवायलासुद्धा गेलेलं नसतं. तो चिडून आत जायला तयार होत नाही, आणि बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, रागावत नाही. पुढे तो आत गेला की नाही, ते दाखल्यात सांगितलेलंच नाही. तुझा दादा काही उधळ्या नाही, ते सोड. पण शेतातून दमून आलेल्या भावाला मांडवाचा आवाज कसा लागतो हे शुभवर्तमानात लिहिलेलं आहे, एवढं लक्षात ठेव.

आणखी एक गोष्ट, ही बहुतेक तू ऐकली नसशील. धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या परिसरात, काम करणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन व्हियानी, ज्यांचा सण ४ ऑगस्टला असतो, ते शेतकऱ्याच्या घरचेच. १७८६ सालचा जन्म, फ्रान्समध्ये लियॉनजवळच्या दार्दिली गावात. फादर व्हायचं म्हटल्यावर बाप तयार नव्हता, कारण शेतातले दोन हात कमी होणार. विशी गाठल्यावर शिक्षण धड सुरू झालं, लॅटिन काही केल्या डोक्यात शिरेना. त्यात नेपोलियनच्या सैन्यात भरती निघाली आणि हे तुकडीपासून मागे पडून पळपुटे ठरले, डोंगरातल्या एका गावात नाव बदलून लपून राहिले. पुढे १८१० मध्ये माफी मिळाली. पण त्यांच्या बदली सैन्यात कोण गेलं माहीत आहे? धाकटा भाऊ. म्हणून थोरल्याला सेमिनरीची वाट मोकळी झाली. १८१५ मध्ये दीक्षा झाली, मग आर्स नावाच्या खेड्यात चाळीसेक वर्षं सेवा केली, दिवसचे दिवस लोकांच्या पापांचे कबुलीजबाब ऐकत बसले, संत झाले. धाकट्याचा सण कुठल्याच कॅलेंडरात नाही. काकांनीच मला हे सांगितलं होतं, वालाच्या भाजीच्या त्या जेवणानंतर काही दिवसांनी. त्यांनी ते कुठूनतरी शोधून काढलं असणार.

आता दुसरी बाजू. तुझ्या पत्रात एक ओळ आहे जी मी वर छापली नाही, 'दादा सुटला.' तो सुटलाय का, ते जरा बघू.

डीकन होतानाच त्याने ब्रह्मचर्याचं वचन दिलेलं आहे. दीक्षेच्या दिवशी तो बिशपांच्या हातात हात देऊन त्यांच्या आणि त्यांच्या मागून येणाऱ्या बिशपांच्याही आज्ञेत राहण्याचं वचन देईल. म्हणजे जो माणूस अजून बिशप झालेलाही नाही, त्याच्यासुद्धा! उद्या बदलीचं पत्र आलं की बॅगा भरायच्या. काकांच्या वेळी तर वसई मुंबई धर्मप्रांतातच, म्हणजे मुंबईच्या बिशपांच्या अखत्यारीतच होती, आपला वेगळा धर्मप्रांत झाला १९९८ मध्ये. त्यामुळे केळीत वाढलेल्या काकांना ऐन उमेदीतली वर्षं मुंबईत इमारतींच्या जंगलात काढावी लागली. तिथल्या चर्चच्या मागे पाण्याच्या टाकीशेजारी हातभर जागा होती, त्यात त्यांनी घरून नेलेले राजेळी केळीचे दोन मुनवे, म्हणजे कोंब, लावले. पहिला घड आला तेव्हा तिथल्या एका बाईंनी विचारलं, 'फादर, हे खायचे असतात का शोभेचे?' ही गोष्ट सांगताना काका दर वेळी हसायचे, आणि हसून झालं की जरा गप्प व्हायचे.

धर्मग्राम म्हणजे नुसती रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, नव्हे. पहाटे उठायचं, सकाळची मिस्सा, मग बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदवह्या, दाखले मागायला आलेली माणसं, गळकं छप्पर, चर्चचे हिशेब, दोन भावांतला बांधाचा तंटा. मध्यरात्री कुणाच्या घरून बोलावणं आलं की आजाऱ्याला लावायच्या तेलाची डबी घेऊन निघायचं. सकाळी मयत, संध्याकाळी लग्न, आणि दोन्हीकडे चेहरा त्या त्या घराचा ठेवायचा. कबुलीजबाबात ऐकलेलं तर कुणाजवळ, म्हणजे कुणाजवळही, बोलायचं नाही. फोडलं तर थेट बहिष्काराची शिक्षा आहे. मोठ्या सणांआधी तासन् तास कबुल्या ऐकून काका घरी आले की ओटीवर पाय सोडून बसायचे. आजी म्हणायची, त्याला बोलवू नका, त्याचं पोट भरलंय. मला वाटायचं, जेवून आलेत.

आणि रविवारची संध्याकाळ. दिवसभर हजार माणसं हात जोडतात, आणि सात वाजता चर्चच्या घरात पंखा, टीव्ही आणि झाकून ठेवलेलं ताट. भरल्या घरात वाढलेल्याला हे फार जड जातं. काकांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. पण रविवारी साडेसातला आमच्याकडे फोन वाजायचाच, आणि प्रश्न ठरलेला असायचा, 'पाऊस आहे का तिकडे?' डिसेंबरातसुद्धा!

हे मी तुला दादाची कीव यावी म्हणून सांगत नाही. त्याने डोळे उघडे ठेवून हे निवडलंय. चर्चचा कायदाही तेच मागतो. दीक्षा घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागतं की मी हे आपखुशीने स्वीकारतोय. त्याला कुणी भाग पाडायचं नाही, घरच्यांनी तर नाहीच. मुद्दा एवढाच की त्याला त्याचं ओझं आहे. तुझं ओझं मात्र तुला कुणी विचारून दिलेलं नाही, आणि तुझ्या रागाचं मूळ मला तिथे दिसतं. नऊ वर्षांत एकदा तरी कुणी तुला म्हणालं का, 'तू वाडी बघशील का?' बघशीलच, असं धरून चाललेत सगळे.

शेतकऱ्याच्या घरचा फादर हा वेगळाच असतो बरं. ते घराचं देणं आहे, आणि त्यात तुझाही वाटा आहे. आपल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो बघ, शेतकरी घरातले. टँकर आपल्या विहिरी उपसून नेत होते, वाड्यांवर सिमेंट चढायच्या बेतात होतं, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात हा माणूस पुढे उभा राहिला, धमक्या आल्या तरी. २०२० च्या जानेवारीत ते उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे महाराष्ट्राला माहीत आहे. जुलै २०२४ मध्ये ते गेले. पण विहिरीचं पाणी मचूळ होणं म्हणजे काय, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नसणार. काकांचंही तसंच. भाताच्या आवणीच्या दिवसांत त्यांचा उपदेश पाच मिनिटांत आटपायचा. पेरणाऱ्याचा दाखला आला की म्हणायचे, 'वाटेवर, खडकावर, काट्यांत बी टाकणारा हा कसला शेतकरी? माझ्या भावाने हाकलला असता.' पुढच्या बाकावरचे म्हातारे खूश व्हायचे. तुझ्या दादाच्या उपदेशातही तुझी वाडी येणार आहे. तू तिथे रोज उभा आहेस, म्हणून ती त्याच्या बोलण्यात खोटी वाटणार नाही.

बरं, आता व्यवहार.

लोक एक घोळ नेहमी घालतात. तुझा दादा धर्मप्रांताचा फादर होतोय. जेझुइट किंवा सालेशियन यांसारख्या संघातले धर्मगुरू दारिद्र्याचं व्रत घेतात, धर्मप्रांतीय धर्मगुरू ते व्रत घेत नाहीत. साधेपणाने राहणं अपेक्षित असतं, पण वडिलोपार्जित काही त्याच्या नावावर राहू शकतं. तेव्हा 'फादर झाला म्हणजे हक्क आपोआप गेला' हे बाबांनी कुठे ऐकलं असेल तर ते खरं नाही.

पण बाबांनी काढलेला उपायही चुकलेला आहे. आपण ख्रिस्ती, आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. त्यात मुलाला जन्मापासून बापाच्या जमिनीत वाटा नसतो. वाडी बाबांच्या एकट्याच्या नावावर असेल तर ते हयात असेपर्यंत ती त्यांचीच. मग दादा आज सोडणार काय? जो हक्क अजून आलाच नाही, तो सोडल्याचा कागद उद्या टिकेल याचा भरवसा धरू नकोस. सही घेतल्याचं समाधान मिळेल, दादाचं मन दुखावेल, आणि हाती काही लागणार नाही. आणि बाबा मृत्युपत्र न करता गेले तर? एक तृतीयांश आईला, उरलेल्या दोन तृतीयांशात तुम्ही तिघं सारखे वाटेकरी. तिघं म्हणालेय मी. तुझ्या पत्रात बहीण एका ओळीत येते आणि सासरी निघून जाते. कायद्यात ती कुठेही जात नाही.

म्हणून बाबांना मृत्युपत्र करायला सांग. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घेतलेली बरी. दोन साक्षीदार लागतात. एक बारीक गोष्ट वकीलही कधी कधी सांगायला विसरतात. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने, किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोने साक्षीदार म्हणून सही करायची नाही, नाहीतर त्याला दिलेलं तेवढं रद्द होतं. तेव्हा दादाला खरंच काही नको असेल, तर तो साक्षीदार म्हणून सही करू शकतो. सहीच हवी आहे ना बाबांना, मग ही घ्या! पण त्याआधी सातबारा काढून बघ. अजून आजोबांचं किंवा चुलत्यांचं नाव असेल तर सगळा हिशेब बदलतो, मग वकिलाकडे गेल्याशिवाय एक पाऊल टाकू नकोस.

दादाला जमीन नको असली तरी घरात एक खोली त्याची ठेवा, आणि ते मृत्युपत्रात लिहा. मग मात्र साक्षीदार दादा नको, दुसरा बघा, नाहीतर खोलीही रद्द होईल. पंचाहत्तरी झाली की धर्मगुरूने पदाचा राजीनामा द्यावा अशी विनंती असते. धर्मप्रांत त्याची सोय करेलच. पण आपलं म्हणायला एक दार असणं वेगळं. काका सुटीच्या दिवशी यायचे, झगा खुंटीला टांगायचे आणि लुंगी गुंडाळून थेट वाडीत. केळीची पानं कापायला कोयता हातात घेतला की शेजारची माणसं बाबांना टोमणे मारायची, 'फादरला राबवतोस?' बाबा म्हणायचे, 'राबायला नाही आला. हात मोकळे करायला आलाय.' त्या दोघांचं जे काही बोलणं व्हायचं ते तिथेच, कोयत्याच्या आवाजात. तुला दादाशी बोलायला जागा हवी असेल तर स्वयंपाकघर नको, आई मध्ये पडेल. वाडीतच ने त्याला, सुक्या पानांची साफसफाई करायला.

पुढे कधी ठिबक बसवायला किंवा बोअरला कर्ज काढशील तेव्हा 'फादर जामीन राहतील' असं बँकेत बोलून बसू नकोस. धर्मगुरूने स्वतःच्या मालमत्तेवरसुद्धा बिशपांशी बोलल्याशिवाय जामीन राहू नये असा चर्चचा नियम आहे, आणि परवानगीशिवाय धंदाही करता येत नाही. तो नाही म्हणाला तर त्याला भावाची फिकीर नाही असा अर्थ काढू नकोस. आमच्याकडे या एका गैरसमजापायी दोन वर्षं अबोला होता. पंपाच्या कर्जावरून. नियम बाबांना कुणी सांगितलाच नव्हता, आणि काकांना वाटलं, हे काय सांगायचं.

आता १२०० पानं. ऋण काढून सण म्हणतात तो हाच. दीक्षेला जेवणावळ लागत नाही, कुठल्याच नियमात नाही. बाबांचा पाय मात्र अडकलाय तो प्रतिष्ठेत. अमक्याच्या मुलाच्या दीक्षेला इतके लोक होते, मग आमच्याकडे कमी कसे? त्यांचाही राग करू नकोस. गुडघा गेल्यापासून वाडीत त्यांना काही करता येत नाही, हा एक दिवस त्यांच्या हातात आहे. पण फेडणार तू आहेस, तेव्हा आकड्यावर तुझं म्हणणं असलंच पाहिजे. दादाला हे पाच लाख ठाऊक आहेत का? मला नाही वाटत. पहिल्या मिस्सेच्या वेळी वेदीवर उभं असताना आपल्या पायाखाली आईच्या पाटल्या आहेत हे त्याला नंतर कळलं, तर? कागदावर आकडे मांड आणि त्याच्या हातात दे. साधा हिशेब मांड, मंडप इतका, जेवण इतकं, फोटो-व्हिडिओ इतका, वाडीचं वर्षाचं उत्पन्न इतकं, हप्ता इतका. खाली काही लिहू नकोस. बाबांना समजवायचं काम तो करेल. त्याचं ऐकतील ते, तुझं ऐकणार नाहीत. अन्याय आहे, पण या घडीला सोयीचा अन्याय आहे, वापर तो. सगळ्या गावाला चर्चच्या आवारात चहा आणि केक, घरी दीडशे माणसांचं जेवण, यात कुणाची मान खाली जात नाही.

लग्नाचं थोडक्यात. 'मुलगा शेती करतो' म्हणून मोडलेल्या लग्नांची गोष्ट वसईत घरोघर आहे, त्याचं खापर दादावर फोडू नकोस. उलट डिसेंबरनंतर तू 'फादरचा भाऊ' होशील. त्याचा त्रासही बराच आहे. शाळेच्या प्रवेशासाठी शिफारस मागायला लोक तुझ्या दारात येतील, आणि तू नाक्यावर कुणाशी भांडलास तर ती बातमी तुझ्याआधी धर्मग्रामात पोचेल. शिफारशींना पहिल्या दिवसापासून नाही म्हण. पण कुणी मुलीकडचे फादरच्या नावावर भाळून आले, तर त्यांना आधी वाडी दाखव, मग फोटो. पाणी मचूळ आहे हेही सांग.

त्याला हाक काय मारायची, हे तू विचारलं नाहीस, पण अडेल तुझं तिथे. लोकांत फादर म्हण. घरात दादा. आमच्या बाबांनी दीक्षेनंतर काकांना घरातही 'फादर' म्हणायला सुरुवात केली, मान म्हणून. काका गेले त्या आठवड्यात, हॉस्पिटलात, बाबांच्या तोंडून एकदाच जुनी हाक गेली, 'भाऊ.' काकांनी डोळे उघडले. मी पलीकडे पाण्याचा पेला धरून उभी होते.

आता एक काम आजच करून टाक. दीक्षेच्या दिवशी डेगींपाशी कोण थांबणार, मोटर कोण चालू-बंद करणार, आलेल्या माणसांच्या गाड्या कुठे लावायच्या, ही तीन नावं आत्ताच ठरव. त्यात तुझं नाव नको. आचारी त्याचे पैसे घेतोय, त्याच्यावर सोड. केळीला एक दिवस पाणी नाही मिळालं तरी चालतं. आणि दादाला सांग, मिस्सेत भाकर आणि द्राक्षरस घेऊन वेदीपर्यंत जाणाऱ्यांत मला घे. तो विचारेल का म्हणून. तेव्हा त्याला आमच्या बाबांची गोष्ट सांगितलीस तरी चालेल.